मर्विनने घासलेली रायफल

माझ्या नवऱ्याचे डोळे सुधारले आणि आमच्या घरावर संक्रांत आली.

मर्विनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पाच-सहा वर्षं तो सगळं अंदाजानेच बघायचा आणि संसार सुखाचा चालला होता. एप्रिलच्या सुरुवातीला बिलिंग्ज शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढून घरी आलो, तर हा दारातच थबकला. इकडे बघतोय, तिकडे बघतोय.

"लोरी," म्हणाला, "आपण इतक्या घाणीत राहतो?"

"तू राहतोस," मी म्हटलं. "मी तुझ्यामागून आवरत असते."

ऐकतोय कोण! दुसऱ्या दिवसापासून बादली, फडकं आणि तारेची घासणी घेऊन जो सुटला, तो सुटलाच. खिडक्या झाल्या, स्टोव्ह झाला, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी झाली. माझ्या कॉफीच्या किटलीत वीस वर्षांचा काळा थर होता. तो त्याने खरवडून काढला आणि वर मलाच कौतुकाने दाखवायला आणली. चाळीस वर्षं रेल्वेच्या यार्डात राबलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याचे हात शिवशिवणारच, हे मला कळतं. म्हणून मी चिडचिड करायचे आणि शेजारणींना हसत हसत सांगायचे.

घरामागच्या शेडमध्ये माझं दुकान आहे. मी जुन्या लिव्हरच्या रायफली दुरुस्त करते. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ढकलली की नवं आत जातं, त्या रायफली. हे काम मी वडिलांकडून शिकले. गावातले म्हातारे सुरुवातीला म्हणायचे, बाईमाणसाला कशाला हे धंदे? आता त्यांचीच नातवंडं माझ्या दारात रांग लावून उभी असतात.

माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक शिकारी. ते म्हणतात, लोरेटा, नवीकोरी करून दे. दुसरे संग्रह करणारे. ते म्हणतात, खबरदार, बाहेरून हात लावशील तर! त्यांना शंभर वर्षांचा मळ तसाच हवा असतो. हाताचा घाम, शेकोटीचा धूर, खोगिराला घासून गेलेला रंग, सगळं जिथल्या तिथे. जिला कुणी कधी चकचकीत केलेलं नाही अशी रायफल मिळाली, की ही माणसं चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलायला लागतात. तीच रायफल कुणी पॉलिश केली, की तिची किंमत मातीमोल. अशा रायफलींसाठी माझ्याकडे डावीकडची मांडणी आहे. तिथल्या रायफलींचं मी फक्त आतलं काम करते. उजवीकडच्या मांडणीवरच्या घासायच्या, रंगवायच्या. हे मला माहीत होतं आणि माझ्या वडिलांना माहीत होतं. मर्विनला सांगायची कधी वेळच आली नव्हती, कारण आधी तो दिवसभर यार्डात असायचा आणि नंतर त्याला मांडणीच धड दिसत नव्हती.

तर, नेटी हॉगन. आमच्यापासून अकरा मैलांवर तिचा मेंढ्यांचा रँच. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आयुष्य मेंढ्या आणि आई यांच्यात गेलं. आई, म्हणजे अल्मा, फेब्रुवारीत गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत लोकांना फैलावर घेत होती. अल्माच्या आजीने, इंगाने, लोकरीच्या पहिल्या विक्रीतून एक रायफल घेतली होती. अठराशे शहाऐंशीची घडण, जाड नळी, अक्रोडाचा दस्ता. ती हॉगनांच्या स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर असायची. अल्माने तिच्यावर कधी तेलाच्या फडक्यापलीकडे काही फिरवलं नाही. मी तीस वर्षं त्या दाराखालून जेवायला गेले असेन आणि दर वेळी मान वर करून बघितलं असेल.

अल्माच्या मृत्युपत्रात होतं, घरातली प्रत्येक वस्तू दोघा मुलांत निम्मी-निम्मी. दुसरा म्हणजे नेटीचा भाऊ, क्लेटन. नेटीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, डेन्व्हरला घरांची छपरं घालायचा धंदा. अठराव्या वर्षी रँच सोडून गेला, त्यानंतर पाहुण्यासारखा येऊन जायचा. बश्या, पलंग, घड्याळं वाटली गेली. रायफल अर्धी कशी करणार? क्लेटन म्हणाला, विकू आणि पैसे वाटून घेऊ. त्याने टेक्सासच्या प्रुइट नावाच्या मोठ्या संग्राहकाला फोटो पाठवले. प्रुइटने जो आकडा सांगितला त्यात नवाकोरा पिकअप आला असता.

एका सोमवारी नेटी ती घोंगडीत गुंडाळून घेऊन आली.

"लिव्हर अडकतोय," म्हणाली. "तेवढं बघ. बाहेरून काही करू नकोस, तो माणूस शनिवारी इथेच बघायला येणार आहे. क्लेटनही येतोय." मग टोपी काढून स्टुलावर बसली. उठेचना.

"अगं, तूच का नाही त्याचा हिस्सा विकत घेत?" मी विचारलं.

"कशाने घेऊ? त्या किमतीच्या अर्ध्यात माझ्या गोठ्याचं छप्पर होतं, लोरेटा." टोपीची कड ती बोटांनी दुमडत होती. "आणि क्लेटन काही चुकीचं बोलत नाहीये. अर्धी त्याचीच आहे. पण मला रोज त्या दारातून ये-जा करायची आहे गं. वर बघितल्यावर काय दिसणार मला? दोन खुंट्या." नेटीला रडताना मी पहिल्यांदा बघितलं, अल्माच्या दफनाच्या वेळीसुद्धा रडली नव्हती. तिने बाहीने नाक पुसलं आणि मेंढ्यांना लस टोचायची आहे म्हणून निघून गेली.

मी रायफल उघडली. आत जुनं तेल गोठून डिंकासारखं झालं होतं, बाकी काही नाही. कुणाच्या मूर्खपणाचा एकही ओरखडा नाही, स्क्रूंच्या खाचा जशाच्या तशा. नळीमागच्या, यंत्रणा ठेवणाऱ्या पोलादी पेटीवर कारखान्यातले निळे-तपकिरी ढगाळ रंग असतात, ते शंभर वर्षांत उडून जातात. हिच्या कडांना ते अजून होते. मला नेटीसाठी वाईट वाटत होतं आणि रायफल बघून आनंदही होत होता, दोन्ही एकदमच. मंगळवारी संध्याकाळी आतलं काम संपवून मी ती डाव्या मांडणीवर ठेवली. बुधवारी बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून बिलिंग्जला गेले. जाताना मर्विनला म्हटलं, "शनिवारी नेटीची रायफल जायची आहे. बाकी काही निकडीचं नाही."

गुरुवारी दुपारी परतले. मर्विन फाटकातच उभा. हसू गालात मावत नव्हतं.

"चल," म्हणाला, "दुकानात चल. डोळे मीट."

"माझे पाय दुखतायत."

"अगं, मीट तर!"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर अल्माची रायफल होती. आरशासारखी चकचकीत. पेटी त्याने विजेच्या चाकावर घासली होती. कडा गोल झाल्या होत्या, ढगाळ रंगांचा मागमूस नाही, नळीवरची अक्षरं अर्धी पुसलेली. दस्ता सँडपेपरने घासून वर व्हार्निशचे दोन हात. त्या दस्त्यात खिडकी दिसत होती हो, पडद्यासकट!

"दोन दिवस लागले," मर्विन म्हणाला. "इतकी मळली होती, मला लाजच वाटली. म्हटलं, तू दमून येशील, आणि शनिवारी एवढी मोठी असामी येणार..."

मी स्टुलावर बसले आणि मला बोलताच येईना. आणि मला बोलता येत नाही, हे मर्विनला एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बघायला मिळत होतं.

"काय झालं?" त्याने विचारलं. "व्हार्निश जास्त झालं का?"

मग मात्र माझा तोल सुटला. काय काय बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. कोंबड्या खुराड्याच्या पार टोकाला जाऊन बसल्या. गाढव म्हटलं, आंधळा होतास तेच बरं होतं म्हटलं. ते म्हणायला नको होतं. तो चेहरा पाडून नुसता ऐकत राहिला. मग मी त्याला समजावून सांगितलं, मळ म्हणजे काय, डावी मांडणी म्हणजे काय. तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "म्हणजे मी नेटीच्या आईची रायफल मारून टाकली."

दुकान माझं, मांडणी माझी, आणि सांगायला हवं होतं तेही मीच. आपणच आपल्या तोंडात मारून घ्यावी असं मला झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मी एक काम केलं. ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मळ काढता येतो तसा चढवताही येतो. कसा, ते मला येतं. वडिलांनी शिकवलं होतं, बनावट माल ओळखता यावा म्हणून. मी दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी काढली. बरणीतलं औषध फासलं, वाफ दिली, राख आणि लोकरीची चरबी चोळली. दोन तासांत पट्टी तपकिरी, जुनाट, थेट इंगाच्या काळातली! मी भिंग लावून बघितलं, मलाच फरक कळेना. रंगाचे ढग जमवायला वेळ लागला असता, पण शनिवारी दहापर्यंत मी तेही केलं असतं.

मर्विन मागून डोकावला आणि त्याने मला मिठीच मारली. "लोरी! वाचलो! कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार," मी म्हटलं.

तेच वाईट होतं. प्रुइटने फोनवर मला सांगितलं होतं, 'तुमच्या सहीची एक चिठ्ठी हवी, बाहेरून कुणी हात लावलेला नाही म्हणून. लोक म्हणतात, तुमची सही असली की दुसरं काही बघायचं नाही.' जुन्या रायफलींच्या प्रदर्शनांमधून मी तोंडावर लोकांना चोर म्हटलेलं आहे, असलेच उद्योग केले म्हणून. एकाचं तर टेबल उचलायला लावलं होतं. आता चिठ्ठी लिहायची, खाली लोरेटा ब्रांडवोल्ड अशी सही ठोकायची, आणि पुढच्या प्रदर्शनात परत त्याच तोऱ्यात फिरायचं? मी चिंधी घेतली आणि पट्टी पुसून टाकली.

"अगं, काय करतेस!" मर्विन ओरडला. "तुझं नाव जाईल!"

"जाऊ दे गेलं तर."

"मग प्रुइटला येऊ नको म्हणून फोन करू?"

"तो कालच टेक्सासहून निघालाय. येऊ दे. तोंडावर सांगते."

नेटीला आधी सांगायला हवं होतं. तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा ठेवून दिला. भित्री आहे मी, दुसरं काय?

शनिवारी दहाला सगळे दुकानात हजर. प्रुइट म्हणजे उंच, सडपातळ, सत्तरीचा माणूस, बोलणं लोण्यासारखं. आल्या आल्या टोपी काढली, खिशातून सुती हातमोजे काढून चढवले. क्लेटन कडक इस्त्रीच्या शर्टात, सारखं घड्याळ बघत. नेटी दाराशी उभी. आत येईना की बाहेर जाईना. रायफल मी घोंगडीखाली झाकून ठेवली होती.

"घोंगडी काढायच्या आधी मला बोलायचंय," मी म्हटलं. "ही खराब झाली आहे. माझ्या दुकानात झाली. बाहेरून घासली गेली, पॉलिश झाली, दस्त्याला व्हार्निश लागलं. मी चिठ्ठी देऊ शकत नाही."

"मी घासली," मर्विन मागून म्हणाला. "तिचा काही संबंध नाही. ती गावाला गेली होती."

"दुकान माझं आहे, तू गप्प बस!"

"हात माझे होते ना?"

"मर्विन!"

प्रुइटने स्वतःच घोंगडी उचलली. त्याने 'अरेरे' असा एवढासा आवाज केला. मग वाकून नळीवरून, पेटीवरून, दस्त्यावरून नजर फिरवली. भिंग काढायचीही गरज पडली नाही. हातमोजे काढून त्याने खिशात ठेवले, तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"मॅम," तो मला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. कॅन्ससला एका बाईंनी अशीच एक भांडी धुवायच्या यंत्रात घातली होती. पाहुणे येणार म्हणून." मर्विनकडे बघून जरासा हसलाही. मग विचारलं, "तुम्हाला ही परत जुनी करता आली असती, नाही का?"

"आली असती."

"मला कळलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं. त्याही वेळी खोटा विनय दाखवायला जमेना.

त्याने माझ्याशी हात मिळवला, जरा जास्तच वेळ. पुढच्या महिन्यात त्याच्या चार रायफली आतल्या कामासाठी माझ्याकडे पाठवतो म्हणाला, फक्त दुकानाला कुलूप लावून यजमानांना बाहेर ठेवा. नेटीला टोपी उंचावून नमस्कार केला आणि गेला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडली.

मग क्लेटन फुटला.

"हे काय दुकान आहे की पोरखेळ?" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी डेन्व्हरहून रात्रभर गाडी हाकत आलोय! शंभर वर्षं त्या रायफलला काही झालं नाही आणि तुमच्याकडे चार दिवसांत वाट लागली! आता काय किंमत राहिली तिची?"

"संग्रह करणारा कुणी बघणारही नाही," मी म्हटलं. "आतून उत्तम आहे. नळी स्वच्छ, काम चोख. एखादा शिकारी घेईल."

"केवढ्याला?"

"चांगल्या चार टायरांच्या किमतीला. घासाघीस केली तर तीन."

क्लेटनने कपाळावर हात मारला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला सांगणार होते की नुकसान भरून देईन, मला वर्षं लागली तरी चालतील. तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून नेटीचा आवाज आला.

"एवढे तर माझ्याकडे आहेत."

कुणाला काही कळलं नाही.

"काय?" क्लेटन वळला.

"चार टायरांएवढे," नेटी म्हणाली. "एवढे माझ्याकडे आहेत, क्लेटन. आत्ता देते. गाडीत चेकबुक आहे."

मी नेटीकडे बघितलं. मर्विनने माझ्याकडे बघितलं. आणि अहो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन दिवस मी माझ्या नावाचं रडगाणं गात बसले होते आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती! रायफल कुठे जातच नव्हती. टेक्सासला नाही, काचेच्या कपाटात नाही. अकरा मैल, आणि परत त्याच दारावर. माझा जीव असा काही भांड्यात पडला की मला हसूच यायला लागलं आणि आवरेना. तोंडावर फडकं धरलं, तर ते व्हार्निशचं निघालं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" क्लेटन ओरडला. पण त्याच्या रागातली हवा गेली होती. तो टेबलाशी आला, रायफलकडे बघत राहिला. "आणि चार टायरांचे कशाला देतेस? अर्धी तुझीच आहे. दोनचे दे."

"बरं. दोनचे."

"राहू दे," तो म्हणाला. जरा वेळाने परत म्हणाला, "राहू दे गं, नेटी. पैशांसाठी नव्हतंच ते."

"मग कशासाठी होतं?"

क्लेटनने हात पुढे केला, एका बोटाने दस्त्याला स्पर्श केला आणि माझ्याकडे बघितलं, हरकत नाही ना, असं. मी म्हटलं, "उचल की! आता काय बिघडणार आहे तिचं?"

त्याने उचलली. मी आतली काडतुसाची जागा रिकामी असल्याचं दाखवलं, तशी त्याने लिव्हर खाली ओढली, वर ढकलली. खटॅक-खटॅक असा मऊ आवाज झाला. त्याने परत ओढली, परत ढकलली. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, आणि लहान मुलासारखा तेच करत राहिला.

"आईने मला कधी हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "म्हणायची, जो इथे राहणार नाही, त्याने हिला हात लावायचा नाही. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणायची. तिला तेव्हाच कळलं होतं, मी जाणार म्हणून. मला वाटलं, विकून टाकू. मला नाही तर नाही, पण मग तूही रोज तिच्याखाली बसून..." पुढचं त्याने गिळलं. "तुला मिळाली, याचं मला वाईट वाटत होतं. बस, एवढंच."

"मला?" नेटी म्हणाली. "क्लेटन, मला तिने कधी हात लावू दिला नाही."

"काय सांगतेस!"

"खुंटीवरून काढायची तिने, तेल लावायचं तिने, गोळी झाडायची तिने. मी खाली उभी राहून स्टूल धरायचे. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. ही रायफल मी पहिल्यांदा उचलली ती परवाच्या सोमवारी, लोरेटाकडे आणायला."

मग आधी क्लेटन हसला, मग नेटी, आणि दोघं असे हसायला लागले की मर्विनने घाईघाईने दोघांना स्टुलं दिली. "म्हातारी भलतीच होती," क्लेटन डोळे पुसत म्हणाला. "भलतीच," नेटी म्हणाली. अल्माचं नाव निघालं की गावात सगळे असंच म्हणतात, पण तिच्या मुलांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानामागे मातीचा उंच बांध आहे, दुरुस्त झालेली रायफल मी तिथेच झाडून बघते. मी जुन्या रायफलीला झेपतील अशी कमी ताकदीची सहा काडतुसं काढली. मर्विनने रंगाच्या डब्याचं झाकण बांधावर ठेवलं, आणि तेही ठेवायच्या आधी शर्टाला पुसून.

"तू आधी," नेटी म्हणाली. "मोठा आहेस."

"तुझी आहे."

"म्हणूनच सांगतेय, तू आधी."

क्लेटनने झाडली. आवाज पार टेकड्यांवर जाऊन परत आला, धक्क्याने हा दोन पावलं मागे, आणि झाकण जागच्या जागी. नेटीने घेतली, गालाला लावली, श्वास सोडला. झाकण उडालं. ती हात दस्त्यावरून फिरवत राहिली. व्हार्निश नवं होतं, बोटांचे ठसे उमटत होते. मर्विन पुसायला पुढे सरकला, तसं मी त्याला बाहीला धरून मागे ओढलं.

"राहू दे," मी म्हटलं.

"पण डाग..."

"राहू दे म्हटलं ना, मर्विन!" आणि त्याची बाही मी सोडलीच नाही. दोन दिवसांनी पहिल्यांदाच मी आपणहून त्याच्या इतक्या जवळ उभी होते. तो म्हणाला, "आंधळा होतो तेच बरं होतं का गं?" मी म्हटलं, "गप रे. चुकले मी."

उरलेली काडतुसं दोघांनी वाटून झाडली. शेवटच्याला क्लेटननेही झाकण उडवलं आणि असा ओरडला, की चार मैलांवरच्या कुत्र्यांनी भुंकावं. मग दोघं बांधाशी बसले. मी घरातून कॉफी आणली. घासलेल्या किटलीतली म्हणून बेचव होती, पण कुणी तक्रार केली नाही.

"कॉरिन काय करते?" नेटीने विचारलं. कॉरिन म्हणजे क्लेटनची मुलगी.

"कॉलेज संपलं. नोकरी बघतेय. खरं म्हणजे काहीच करत नाहीये."

"दहा दिवसांत कोकरं यायला लागतील. तेव्हा गोठ्यात सगळा चिखल असतो, आणि माझ्याकडे माणसं कमी आहेत. पाठव तिला."

"ती? रक्त बघून चक्कर येते तिला, नेटी."

"मलाही यायची. पाठव. आली की ही तिच्या हातात देणार आहे."

"बघायला?"

"बघायला कशाला? द्यायला. कायमची," नेटी म्हणाली. "ती इथे राहो, न राहो. डेन्व्हरला न्यायची असेल तर नेऊ दे. मी असताना देणार आहे, क्लेटन. आपल्याला आई मेल्यावर मिळाली, ते काही तिने दिली असं झालं नाही."

क्लेटनने कप खाली ठेवला. मग उठला, खिशातून फोन काढला आणि फाटकाकडे चालत गेला, कारण आमच्याकडे तिथेच आवाज नीट येतो. आमच्याकडे त्याची पाठ होती.

"कॉरिन," तो म्हणाला, "बाबा बोलतोय. तुझ्याकडे रबरी बूट आहेत का?"